मॉस बॉल छाटताय? ते पाणी बेसिनमध्ये ओतण्याआधी हे वाचा

एक काचेची बरणी, तळाशी चार पांढरे खडे आणि मधोमध लिंबाएवढा हिरवागार गोळा. इन्स्टाग्रामवर 'मॉस बॉल' किंवा 'मारिमो' शोधलं की असे रील एकामागून एक समोर येतात. कुणी त्याला नाव ठेवलंय, कुणी प्लास्टिकचे डोळे चिकटवलेत, कुणी ऑफिसच्या टेबलावर ठेवून त्याला 'पेट' म्हणतंय. खाणं नाही, पंप नाही, फिल्टर नाही. आठवड्या-पंधरवड्याने पाणी बदललं की झालं. आपल्याकडेही तो आता ऑनलाइन मागवता येतो.

या रील्समध्ये एक शॉट हमखास असतो. गोळा बाहेर काढायचा, मुठीत पिळायचा, कात्रीने वाढलेले तंतू कापायचे आणि उरलेलं हिरवट पाणी सरळ बेसिनमध्ये ओतायचं. बघायला मजा येते. पण २०२१ मध्ये नेमकं हेच करू नका, असं अमेरिकेच्या सरकारी यंत्रणांना लोकांना कळकळीने सांगावं लागलं होतं. फ्रीझरमध्ये ठेवा, उकळा, ब्लीच टाका, पण पाणी असंच ओतू नका, अशी सूचना निघाली होती.

एवढ्याशा गोळ्यासाठी एवढी धावपळ का झाली? आणि आपल्या घरातल्या बरणीचा त्याच्याशी काय संबंध?

आधी हा प्रकार आहे तरी काय?

नाव मॉस बॉल असलं तरी यात मॉस, म्हणजे शेवाळ नसतं. शास्त्रीय भाषेत हे हरित शैवाल आहे, नाव एगाग्रोपिला लिनाई. बारीक, फांद्या फुटलेल्या तंतूंचा हा गुंता असतो. त्याच्या आत दगड नसतो, बी नसतं, गाभा नसतो. तलावाच्या तळाशी लाटांमुळे हे तंतू सतत इकडून तिकडे लोळत राहतात आणि लोळता लोळता गोल होतात. हेच शैवाल काही ठिकाणी दगडाला चिकटून वाढतं, काही ठिकाणी सुट्ट्या तंतूंच्या रूपात तरंगतं. गोळा हे त्याच्या राहण्याच्या तीन तऱ्हांपैकी एक तऱ्हा, इतकंच.

त्याची सर्वात प्रसिद्ध जागा म्हणजे जपानच्या होक्काइदो बेटावरचा आकान तलाव. 'मारिमो' हे नाव जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ ताकिया कावाकामी यांनी १८९८ मध्ये दिलं. १९२१ मध्ये जपानने तिथल्या मारिमोला नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं आणि १९५२ मध्ये त्याला 'विशेष नैसर्गिक स्मारक' हा वरचा दर्जा मिळाला. तिथे हे गोळे वाढत वाढत फुटबॉलएवढे होतात. संरक्षण द्यावं लागलं, कारण लोक ते उचलून नेत होते. त्यात जंगलतोड आणि जलविद्युत प्रकल्पामुळे खाली गेलेली तलावाची पातळी. नेलेले मारिमो परत करा, अशी मोहीम चालली आणि त्यातून १९५० मध्ये मारिमो महोत्सव सुरू झाला. तो आजही दर ऑक्टोबरमध्ये भरतो आणि त्यात ऐनू हा तिथला आदिवासी समाज पुढे असतो.

जाता जाता एक गोष्ट. दोन प्रेमी तलावात बुडाले आणि त्यांच्या हृदयांचे मारिमो झाले, ही 'प्राचीन ऐनू दंतकथा' जवळजवळ प्रत्येक रीलच्या कॅप्शनमध्ये सापडते. ती प्राचीनही नाही आणि ऐनूंचीही नाही. १९२० च्या दशकात एका जपानी लेखकाच्या हातून ती छापून आली आणि पर्यटनाने ती पुढे पळवली.

आइसलँडमधल्या मिवात्न तलावाची कथा मात्र खरी आणि जास्त उदास करणारी आहे. तिथले कोळी या गोळ्यांना 'कूलुस्कीतुर' म्हणत. साधारण अर्थ 'गोल घाण', कारण ते जाळ्यात अडकायचे. २००६ मध्ये आइसलँडने त्यांना संरक्षण दिलं, पण २०१४ च्या सुमारास तिथल्या मोठ्या वसाहती जवळपास संपल्याचं समोर आलं. पाण्यात पोषकद्रव्यं वाढली, त्यावर दुसरे सूक्ष्म जीव माजले, पाणी गढूळ झालं आणि तळापर्यंत उजेड पोहोचेना. बरणी सांभाळणाऱ्याने हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. मारिमोला थंड, स्वच्छ पाणी आणि मवाळ उजेड लागतो. यातलं एक बिघडलं की तो हळूहळू खंगतो.

मग दुकानातला गोळा येतो कुठून? आकानमधून तर नक्कीच नाही. जपानमध्ये पर्यटकांना विकले जाणारे छोटे गोळे बहुतेक दुसऱ्या ठिकाणच्या तंतूंपासून हाताने वळलेले असतात. जगभरच्या मत्स्यालय-बाजारात मात्र बराच काळ मोठा पुरवठा युक्रेनमधल्या गोड्या पाण्याच्या तलावांतून होत होता. आणि गडबड तिथूनच आली.

सिएटलच्या दुकानात काय सापडलं?

फेब्रुवारी २०२१ च्या अखेरीस अमेरिकेतल्या सिएटल शहरात, पेटको या पाळीव प्राण्यांच्या साखळी दुकानातल्या एका कर्मचाऱ्याला विक्रीच्या मॉस बॉलमध्ये एक शिंपला दिसला. नखाएवढा, पट्ट्यापट्ट्यांचा. त्या व्यक्तीने तो फेकून न देता परक्या जलचरांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर त्याची तक्रार केली. यूएस जिऑलॉजिकल सर्व्हे या संस्थेतले मत्स्यशास्त्रज्ञ वेस्ली डॅनियल यांच्यापर्यंत २ मार्चला ती पोहोचली. त्यांनी फ्लोरिडामधल्या आपल्या शहरातल्या दुकानात जाऊन पाहिलं, तर तिथल्या मॉस बॉलमध्येही तेच. सिएटल आणि फ्लोरिडा म्हणजे देशाची दोन विरुद्ध टोकं. आठवडाभरात किमान २१ राज्यांतून अशाच नोंदी आल्या. मोठ्या दुकानांनी विक्री थांबवली, माल मागे घेतला. कॅनडातही तसंच झालं.

सापडलेला प्राणी होता झेब्रा शिंपला. गोव्यात ज्यांना शिनाणे म्हणतात, त्याच धर्तीचा हा द्विदल प्राणी, पण गोड्या पाण्यातला आणि अगदी चिमुकला. मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला. १९८८ मध्ये तो उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांच्या भागात, सेंट क्लेअर तलावात सापडला. जहाजांच्या टाक्यांत भरलेल्या पाण्यातून तो आला असं मानलं जातं. एक मादी वर्षाला लाखो, कधी दहा लाखांपर्यंत अंडी घालते. पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि पाण्याबरोबर वाहत जातात. मोठे झाले की चिवट धाग्यांनी मिळेल त्याला चिकटतात: पाइप, होडीचा तळ, दुसरा शिंपला, काहीही. १९८९ मध्ये मिशिगन राज्यातल्या मन्रो शहराचा पाणीपुरवठा याच शिंपल्यांनी पाइप तुंबवल्यामुळे ठप्प झाला होता. हे शिंपले पाणी गाळून त्यातलं सूक्ष्म अन्न फस्त करतात. पाणी नितळ दिसतं, पण माशांच्या पिल्लांचं खाणं गेलेलं असतं. मोठ्या तलावात एकदा ते रुजले की काढून टाकायचा परवडणारा उपाय नाही.

आता कळेल की सिएटलमध्ये सापडणं एवढं मोठं का होतं. अमेरिकेचा वायव्य कोपरा, कोलंबिया नदीचं खोरं, हा या शिंपल्यांपासून वाचलेला भाग होता. तिथे रस्त्यांवर नाके लावून बाहेरून येणाऱ्या होड्या तपासतात. पुढे सप्टेंबर २०२३ मध्ये आयडाहो राज्यात, स्नेक नदीत, याच्या भाऊबंदांपैकी क्वागा शिंपल्याची पिल्लं सापडली, तेव्हा राज्य सरकारने नदीच्या त्या पट्ट्यात तांब्याचं रसायन सोडलं. त्याने मासेही मरणार हे माहीत असून. (त्या घटनेचा मॉस बॉलशी संबंध नव्हता.) इतकी जपलेली जागा, नाक्यांवर होड्यांची तपासणी, आणि शिंपला दुकानात पोहोचला तो ओल्या हिरव्या गोळ्यात बसून, पार्सलमधून.

मला या प्रकरणातली खरी गोम इथेच वाटते. यंत्रणा प्राणी शोधत होती प्राण्यांच्या मालात. हा गोळा सजावटीच्या वनस्पतींबरोबर विकला जात होता. त्याच्या आत प्राणी असेल असं कुणाच्या डोक्यात येणार? शिवाय त्याची रचनाच लपायला सोयीची. दाट तंतू, आत कायम ओल आणि तळहातावर मावणारं आकारमान. पिळून बघितल्याशिवाय काही कळत नाही, आणि अगदी लहान पिल्लू असेल तर पिळूनही कळत नाही.

आता तुमच्या बरणीकडे येऊ

पहिली गोष्ट, छाटणीची गरज वाटते तितकी नसते. मारिमो वर्षाला साधारण ५ मिलिमीटर वाढतो. म्हणजे दर महिन्याला कात्री लावणाऱ्या रीलमध्ये गोळ्यापेक्षा व्ह्यूजचीच वाढ जास्त होते. बऱ्याचदा त्याला हवी असते ती फक्त लोळण. तलावात जे काम लाटा करतात ते इथे तुम्हाला करावं लागतं. पाणी बदलताना गोळा हलकेच पिळायचा आणि लाडू वळतो तसा दोन्ही तळव्यांत चार-पाच वेळा फिरवायचा. परत ठेवताना बाजू बदलायची. न फिरवता ठेवला तर खालची बाजू उजेडाअभावी फिकी पडते आणि गोळा बसका होतो.

कात्री कधी काढायची? एक, गोळ्यातून लांब, वेगळ्या रंगाचे, बुळबुळीत तंतू बाहेर येत असतील तर. ते बहुतेक दुसरंच शैवाल असतं आणि जास्त उजेडामुळे माजलेलं असतं. ते आधी चिमटीने उपटा, मग कापा. दोन, एखादा भाग तपकिरी होऊन धुतल्यावरही तसाच राहत असेल तर. तेवढाच भाग कापा, शेजारचा हिरवा राखा, कारण तो भरून यायला महिने जातील. आणि तिसरं कारण म्हणजे गोळा मोठा होऊन आतून सडायला लागणं. आतल्या तंतूंना उजेड मिळत नाही. पिळल्यावर काळपट, वास मारणारं पाणी आलं की समजायचं. अशा वेळी त्याचे सरळ दोन तुकडे करायचे, आतला सडका भाग काढायचा, राहिलेलं हिरवं वळून त्यावर सुती दोरा चार-सहा वेढे गुंडाळायचा. तो पुन्हा नीट गोल व्हायला बरेच महिने घेईल. घाई करून काही होत नाही.

छाटणी बेसिनवर करू नका. एका पसरट भांड्यात करा. कारण या शैवालाचा प्रत्येक तुकडा जिवंत असतो. गोळ्यापासून नवा गोळा होतो तो अशाच तुकड्यांतून. मारिमो स्वतः आपल्या उन्हाळ्यात, आपल्या नाल्यात तग धरेल असं मला वाटत नाही. पण तुमच्या बरणीत फक्त मारिमोच आहे याची खात्री काय? त्याच्याबरोबर आलेली गोगलगायीची अंडी, दुसरं शैवाल, एखादं बारीक पाणवनस्पतीचं पान, हे सगळं त्याच पाण्यात असतं. म्हणून कात्रण आणि पाणी जुन्या सुती फडक्यातून गाळा. फडक्यावरचा गाळ कडक उन्हात कोरडा ठक्क होईपर्यंत वाळवा आणि कचऱ्यात टाका. गाळलेलं पाणी घरातल्या कुंड्यांना घाला. नाला, विहीर, तलाव, ओढा यांच्या आसपास नको.

गोळा नवा आणलेला असेल तर पहिल्या दिवशी तो पांढऱ्या ताटलीत ठेवून नीट पाहा. बोटांनी दाबत जा. वाळूचे कण लागू शकतात, त्याने घाबरायचं कारण नाही. पण दोन शकलांचं, एका बाजूने चपटं, पट्ट्यांचं काही हाताला लागलं, तर गोळा परत बरणीत टाकू नका. अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने २०२१ मध्ये सांगितलेले उपाय घरच्या घरी होण्यासारखे आहेत. गोळा पिशवीत बंद करून किमान २४ तास फ्रीझरमध्ये ठेवायचा, किंवा उकळत्या पाण्यात पूर्ण एक मिनिट ठेवायचा, किंवा पाणी न मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये २० मिनिटं बुडवायचा. ब्लीच वापरायचं तर एका लिटर पाण्याला साधारण ६० मिलिलिटर आणि वेळ १० मिनिटं. मग पिशवीत बांधून कचऱ्यात. बरणीतलं पाणीही उकळून किंवा ब्लीच करूनच ओतायचं. या सगळ्यात गोळा मरतो, हे उघड आहे. एक सावधगिरी: ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. दोन्हीपैकी एकच निवडा. मला विचाराल तर फ्रीझर सर्वात सोपा.

आणि आपला मे महिना?

इथल्या मालकांची खरी परीक्षा छाटणीत नाही, तापमानात आहे. हा थंड तलावांतला जीव आहे. पाणी २५ अंशांच्या वर बराच काळ राहिलं की तो तपकिरी पडू लागतो. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात नळाचं पाणीच त्याहून गरम येतं. खिडकीत ठेवलेली बरणी तर दुपारी काढ्यासारखी होते. त्यामुळे रीलमध्ये छान दिसणारी ती उन्हाची तिरीप विसरा. घरातला सर्वात गार, पण पूर्ण अंधारा नसलेला कोपरा शोधा. माठ जिथे ठेवता तो कट्टा बहुतेक घरांत योग्य ठरतो. उन्हाळ्यात पाणी जास्त वेळा बदला. फारच तापलं तर बरणी काही दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवली तरी चालते, बर्फाच्या खणात नाही. नळाचं पाणी आदल्या दिवशी उघड्या भांड्यात काढून ठेवा म्हणजे क्लोरीन उडून जातं.

आणखी एक. मारिमो म्हणून विकलं जाणारं सगळंच मारिमो नसतं. जावा मॉस नावाची खरी शेवाळवर्गीय वनस्पती दोऱ्याने किंवा स्पंजच्या गोळ्यावर बांधूनही मॉस बॉल म्हणून विकतात. ओळखायचं कसं? पिळल्यावर आत रबरी किंवा कडक गाभा लागला, किंवा बारीक पानं दिसली, तर तो मारिमो नाही. त्यात वाईट काही नाही, उलट जावा मॉस उष्ण प्रदेशातला असल्याने आपल्याकडे जास्त टिकतो. तो झपाट्याने वाढतो आणि त्याला छाटणी खरोखर लागते. फक्त किंमत मारिमोची देऊ नका.

हे सगळं अमेरिकेचं झालं, आपल्याला काय?

झेब्रा शिंपला हा समशीतोष्ण प्रदेशातला प्राणी आहे. उद्या तो खडकवासल्यात दिसेल, असं सांगून मला कुणाला घाबरवायचं नाही. पण शोभेसाठी आणलेली वस्तू पाण्यात जाऊन डोक्यावर बसते, याचे दाखले आपल्याकडे अमेरिकेपेक्षा कमी नाहीत. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. सुंदर जांभळ्या फुलांसाठी जगभर बागांत आणि तळ्यांत लावली गेली. आज पुण्याची मुळा-मुठा, आळंदीची इंद्रायणी, कोल्हापूरचा रंकाळा यांच्यावर तिचा गालिचा पसरला की महापालिकांना यंत्रं लावून ती काढावी लागते. फिशटँकची काच साफ करतो म्हणून आणलेला सकर मासा उजनीच्या जलाशयात कोळ्यांच्या जाळ्यात येतो. त्याला बाजारात किंमत नाही आणि त्याच्या काटेरी अंगाने जाळी फाटतात. लाल कानाचं परदेशी कासव लहानपणी नाण्याएवढं असतं. मोठं झालं की लोक ते तळ्यात सोडून येतात, वर पुण्य मिळालं असं वाटतं. शिंपल्यांचंही आपल्याला नवं नाही. मध्य अमेरिकेकडचा काळ्या पट्ट्यांचा एक शिंपला १९६७ मध्येच विशाखापट्टणम बंदरात नोंदला गेला आणि पुढे मुंबईच्या बंदरातही पोहोचला.

या सगळ्यांत कुणाचा हेतू वाईट नव्हता. सकर सोडणाऱ्याला मासा मारवला नाही. कासव सोडणाऱ्याला त्याची दया आली. म्हणून 'लोक बेजबाबदार आहेत' असं म्हणून हा विषय संपत नाही. विकणाऱ्याने विकताना सांगितलं पाहिजे की हे नको झालं तर काय करायचं. आज ऑनलाइन मॉस बॉल मागवला तर सोबत 'लो मेंटेनन्स' एवढंच लिहून येतं. तो कुठल्या देशातून आला, तलावातून काढलेला आहे की टाकीत वाढवलेला, कुणी तपासला का, यातलं काही कळत नाही. सिएटलचं प्रकरण उजेडात आलं ते दुकानातल्या एका माणसाने माल नीट बघितला म्हणून. पुढच्या वेळी विक्रेत्याला मेसेज करताना 'शिपिंग किती दिवसात' याच्यासोबत 'टाकीत वाढवलेला आहे का आणि आणल्यावर किती दिवस वेगळा ठेवला होता' हेही विचारा. उत्तर आलं नाही तर निदान पहिले काही आठवडे तो गोळा स्वतंत्र बरणीत ठेवा, माशांच्या टँकमध्ये नको. आणि कंटाळा आलाच तर दुसऱ्या हौशी माणसाला द्या, नाहीतर आधी फ्रीझर, मग ऊन, मग कचऱ्याचा डबा.